गंगथडीची काळी : परभणीच्या पूरमैदानी मातीची ओळख

गोदावरीच्या थडीला जमीन असणे ही मराठवाड्यात पिढ्यानपिढ्या मोठेपणाची गोष्ट मानली गेली आहे. पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांत नदीकाठची खोल काळी जमीन विकायला निघाली की भाव वरचा बोलला जातो, आणि सोयरीक ठरवताना ‘गंगथडीला रान आहे’ एवढे सांगितले की पुढची चौकशी आपोआप थांबते. या समजाला आधार आहे. खत नाही, पाट नाही, अशा काळात याच रानांनी पावसाच्या शिल्लक ओलीवर रब्बीची ज्वारी, करडई आणि हरभरा पिकवला आणि दुष्काळी सालात गावे तगवली. पण आज याच पट्ट्यात कपाशी उभी वाळते, ऊस पिवळा पडतो, पाणी दिले तरी पीक सुकते आणि पाऊस झाला तर आठ-आठ दिवस रानात पाय ठेवता येत नाही, अशा तक्रारी वाढत आहेत. जमीन तीच, रंग तोच, खोलीही तीच. मग बिघडले काय? हे पुस्तक या प्रश्नातून जन्मले आहे. त्याचा मुख्य विचार असा, की उष्ण आणि निमकोरड्या प्रदेशातल्या पूरमैदानी मातीचा कस तिच्या पोटातून पाणी किती सहज उतरते यावर ठरतो. रंग आणि खोली या खुणा त्यानंतरच्या आहेत. हा क्रम उलटा धरल्यामुळे आपण चांगल्या जमिनीला वाईट वागणूक दिली आहे.

विषयात नव्याने शिरणाऱ्या वाचकाने आधी ही माती आली कुठून, हे समजून घ्यावे. परभणी जिल्ह्याच्या उत्तरेला जिंतूरकडचे डोंगर, दक्षिणेला गंगाखेडच्या बाजूची बालाघाटची रांग आणि मधून गोदावरी, पूर्णा, दुधना या नद्यांचा सखल पट्टा, अशी साधारण रचना आहे. हा सगळा प्रदेश सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर, म्हणजे बेसाल्टवर उभा आहे. बेसाल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर असते. तो कुजला की ‘स्मेक्टाइट’ नावाचे चिकणखनिज तयार होते. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते फुगते आणि पाणी गेले की आकसते. डोंगरउतारावर या कुजलेल्या खडकाचा मुरूम आणि बरड तेवढी शिल्लक राहिली. बारीक चिकणमाती पावसाने धुऊन नेली आणि नद्यांनी ती सखल भागात थरावर थर टाकत साठवली. त्यामुळे थडीची काळी ही जागच्या खडकातून झालेली नाही, ती वाहून आलेली आहे. हे काम एका-दोन शतकांचेही नाही. गोदावरीच्याच जुन्या गाळात, नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरला, लोप पावलेल्या हत्तीचे अश्मीभूत अवशेष मिळाले आणि भूगर्भशास्त्रज्ञ पिलग्रिम यांनी १९०५ साली त्यांची नोंद प्रसिद्ध केली. एवढे जुने थर आणि कालच्या पुराने टाकलेला पोयटा, दोन्ही एकाच खोऱ्यात शेजारी-शेजारी सापडतात. म्हणून ‘गाळाची जमीन’ हा एकच शिक्का सगळ्या थडीला लावता येत नाही. पात्रालगतची वाळूमिश्रित मळई, तिच्यामागचा पोयटा आणि त्याहून दूर सखलात बसलेली जड चिकण काळी यांचे स्वभाव वेगवेगळे आहेत.

या घडणीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. नागपूरच्या मृदाशास्त्रज्ञांनी, विशेषतः डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, असे दाखवले की आजच्या कोरड्या हवामानात एवढे स्मेक्टाइट तयार होऊ शकत नाही. ते पूर्वीच्या अधिक दमट काळात तयार झाले आणि नंतर वाहून येऊन इथे साठले. मातीची चिकण ही ओल्या काळाची देणगी आणि तिच्यातला चुना ही नंतरच्या कोरड्या काळाची भर. दोन हवामानांचे काम एकाच मातीत एकावर एक चढले आहे. परभणीला साधारण ९०० मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उन्हाळ्यात पारा ४२-४४ अंशांपर्यंत जातो आणि वर्षभरात हवेची पाणी ओढण्याची ताकद पावसाच्या दुपटीच्या आसपास असते. दमट प्रदेशात पावसाचे पाणी मातीतले क्षार धुऊन खाली नेते. इथे ते अर्ध्यावर थांबते आणि पुन्हा वर ओढले जाते. पाणी उडून जाताना त्यात विरघळलेला कॅल्शियम चुन्याच्या रूपाने मातीत बसतो. कॅल्शियम असा बाहेर पडत गेला की चिकणीच्या कणांना धरून बसणाऱ्या मूलद्रव्यांत सोडियमचा आणि मॅग्नेशियमचा वाटा वाढतो. कॅल्शियम कणांना एकत्र बांधून ठेवतो, सोडियम त्यांना सुटे करतो. सुटे झालेले बारीक कण मातीतल्या छिद्रांत अडकतात आणि पाण्याची वाट बुजते. ही सगळी क्रिया वरच्या वीतभर मातीखाली चालते, म्हणून बांधावर उभे राहून ती दिसत नाही.

ती पाहायची तर खड्डा खणावा लागतो. थडीच्या खोल काळ्या रानात ऐन उन्हाळ्यात दीड-दोन मीटरचा उभा खड्डा घेतला की मातीची रचना स्पष्ट वाचता येते. वरचा वीतभर थर नांगरटीने मोकळा झालेला. त्यात बारीक रवाळ कण आणि मोठी ढेकळे. पृष्ठभागावर हात जाईल एवढ्या रुंद भेगा, त्या मीटरभर खोल उतरलेल्या, आणि त्यांत वरून पडलेली भुसभुशीत माती. दोन-अडीच फुटांखाली मातीची ढेकळे पाचरीच्या आकाराची होतात आणि त्यांच्या तिरप्या बाजू घासून गुळगुळीत, चकचकीत झालेल्या दिसतात. फुगणारी माती एकमेकांवर घसरते, तेव्हा ही चकाकी येते. त्याच पातळीपासून पांढरट चुनखडीचे खडे दिसू लागतात. हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की माती फसफसते. आणखी खाली, काही ठिकाणी, पिवळसर पोयट्याचा किंवा वाळूचा थर लागतो, म्हणजे नदीने कधीकाळी आपली वाट बदलल्याची खूण. आता वरच्या थरातले एक आणि तिसऱ्या फुटावरचे एक, अशी दोन वाळलेली ढेकळे घेऊन काचेच्या दोन पेल्यांत स्वच्छ पावसाच्या पाण्यात सोडावीत. निरोगी ढेकूळ फुटते, पण पाणी बऱ्यापैकी नितळ राहते. सोडियमने बिघडलेले ढेकूळ विरघळल्यासारखे पसरते आणि पाणी तासन्‌तास गढूळ राहते. प्रयोगशाळा नसतानाही जमिनीचा निचरा कसा आहे, याचा अंदाज एवढ्यावर बांधता येतो, आणि बऱ्याचदा वरचे ढेकूळ निरोगी असून खालचे बिघडलेले निघते.

या मातीशी व्यवहार करणाऱ्या शेतकऱ्याने तिचा स्वभाव ‘वाफसा’ या शब्दात फार पूर्वीच पकडला आहे. फार ओली नाही, फार कोरडी नाही, औत चालेल, बी रुजेल, मुळांना ओल आणि हवा दोन्ही मिळेल, अशी ती अवस्था. हलक्या जमिनीला पावसानंतर लगेच वाफसा येतो आणि लगेच मोडतोही. जड काळीला तो उशिरा येतो, आणि निचरा बिघडला की येतच नाही. माती चिखलातून थेट दगडासारख्या ढेकळांत जाते. मृगाचा पहिला पाऊस उघड्या भेगांतून झपाट्याने खोल जातो, मग माती फुगते, भेगा मिटतात आणि त्यानंतर पाणी मुरण्याचा वेग अगदी मंदावतो. चांगल्या काळीत मीटरभर खोलीत १५० ते २५० मिलिमीटर पाणी पिकाला मिळेल अशा स्वरूपात साठू शकते. रब्बी ज्वारीची मालदांडी किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाने दिलेली ‘परभणी मोती’ ही जात पेरणीनंतर पाऊस नसतानाही कणीस धरते ती या साठ्याच्या बळावर. पण साठा भरायला पाणी आत जावे लागते आणि साठ्याचा उपयोग व्हायला मुळांनाही आत जावे लागते. खोली कागदावर दीड मीटर असली आणि पाणी दीड फुटावर अडले, तर पिकाच्या लेखी ती जमीन दीड फुटाचीच.

या विषयाचा अभ्यास कसा वाढत गेला, हेही पाहण्यासारखे आहे, कारण आजच्या गैरसमजांची मुळे त्यात आहेत. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने जमीन महसुलासाठी मातीची प्रतवारी घालून दिली. रंग आणि पोत यांवरून तीन गट, खोली हातांत मोजून नऊ प्रती. पावणेदोन हात खोल बारीक काळी पहिल्या प्रतीची. हैदराबाद संस्थानानेही पुढे मराठवाड्यात बव्हंशी याच वळणावर पाहणी केली. त्या प्रतवारीत सात दोषही नोंदवलेले होते आणि प्रत्येक दोषाला जमीन एक प्रत खाली उतरे. चुनखडीचे बारीक खडे, पाणी मुरू न देणारे मिश्रण, वाहत्या पाण्याखाली जाण्याचा धोका आणि झऱ्यांमुळे राहणारी अति ओल, हे त्यातले चार दोष. थडीच्या मातीची नाडी पाऊणशे-शंभर वर्षांनी आलेल्या प्रयोगशाळांच्या आधी या पाहणीदारांना सापडली होती. दुर्दैवाने लोकांच्या लक्षात राहिली ती प्रत, दोष विसरले गेले. रंग आणि खोली हा जमिनीचा दर्जा ठरवण्याचा सोपा मापदंड बनला आणि आजही खरेदी-विक्रीत तोच चालतो.

त्याच शतकात भूगर्भशास्त्रज्ञ काळ्या मातीच्या उगमावर वाद घालत होते. काहींच्या मते ती पाण्याखाली साठलेली, काहींच्या मते बेसाल्ट जागच्या जागी कुजून झालेली. मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांच्या १८७९ च्या भारतीय भूगर्भशास्त्राच्या ग्रंथात या मतांचा परामर्श आहे. परभणीसारख्या खोऱ्यात दोन्ही बाजू अंशतः बरोबर ठरतात: द्रव्य बेसाल्टचे, पण जागेवर आणून ठेवले ते पाण्याने. रशियात डोकुचाएव यांनी १८८३ साली तिथल्या काळ्या मातीवर लिहून माती हा हवामान, खडक, उतार, जीवसृष्टी आणि काळ यांचा एकत्रित परिणाम असल्याचे मांडले आणि खड्ड्यातले थर वाचण्याची पद्धत रुजवली. भारतात लेदर यांनी १८९८ साली गाळाची, काळी, तांबडी आणि जांभी असे मातीचे चार मोठे वर्ग केले. शाळेच्या पुस्तकात आपण अजून हेच वर्ग शिकतो, आणि त्यामुळेच ‘गाळाची’ आणि ‘काळी’ या दोन वेगळ्या माती असल्याचा समज होतो. थडीची जमीन मात्र गाळाचीही आहे आणि काळीही. पुढे अमेरिकेच्या १९७५ च्या वर्गीकरणाने किमान ३० टक्के चिकण, ठरावीक रुंदीच्या भेगा आणि घसरणीची चकाकी या खुणांवर ‘व्हर्टिसॉल’ हा गण पक्का केला. १९७६ साली नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था आली आणि महाराष्ट्राच्या मातीचे नकाशे तयार झाले. परभणीत १९५६ साली कृषी महाविद्यालय आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. जमिनीवर रोज काम करणारा अभ्यास इथेच झाला.

या सगळ्यातून तीन विचारधारा ठळक दिसतात. पहिली रसायनाची: मातीत अन्नद्रव्ये किती, कमी असतील तर खत किती. दुसरी घडणीची: माती कशी झाली, तिचा वर्ग कोणता. तिसरी पाण्याची: माती पाणी किती घेते, किती धरते, किती सोडते. हे पुस्तक तिसऱ्या धारेच्या बाजूने उभे आहे आणि त्याचे कारण पुराव्यात आहे. अमेरिकेतल्या क्षारविषयक प्रयोगशाळेने १९५४ साली ठरवलेल्या मापानुसार चिकणीला धरलेल्या मूलद्रव्यांत सोडियमचा वाटा १५ टक्क्यांवर गेला तर जमीन चोपण समजली जाई. हे माप जगभर वापरले गेले. पण विदर्भातल्या काळ्या जमिनींत हा वाटा ५ टक्क्यांवर गेला तरी निचरा बिघडलेला आढळला. कादू, वैद्य, पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली मध्य भारतातल्या निमकोरड्या पट्ट्यातील कपाशीचे उत्पादन आणि मातीतून पाणी उतरण्याचा वेग यांचा संबंध मांडला आणि खोल मुळांच्या पिकांसाठी जमीन पारखताना हाच वेग मुख्य धरावा, असे सुचवले. संपृक्त मातीतून पाणी उतरण्याचा वेग तासाला १० मिलिमीटरच्या खाली गेला की धोका ओळखावा, ही मर्यादा त्याच परंपरेतून आली. रंग, खोली आणि सामू (पीएच) सारखे असलेल्या दोन शेतांत उत्पादन दुप्पट-निम्मे का होते, याचे उत्तर या एका मापात मिळते.

यावर पहिला आक्षेप येईल तो अनुभवाचा. बापजाद्यांनी याच जमिनीत सोने पिकवले, मग आज तिच्यात खोट कशी? याचे उत्तर असे, की जमिनीकडून मागितले जाणारे काम बदलले. पावसाळ्यात रान बहुधा पडीक ठेवायचे, वखराच्या पाळ्या द्यायच्या, भेगांतून पाणी मुरू द्यायचे आणि रब्बीत एकच पीक घ्यायचे, या रीतीला मंद निचरा चालत होता. उलट ओल टिकत असल्याने तो फायद्याचा होता. आता खरिपात सोयाबीन आणि कपाशी, पुढे हरभरा किंवा गहू, आणि पाटाचे पाणी असेल तिथे ऊस. खरिपाच्या पिकाला पावसाळ्यातच मुळांशी हवा लागते, उसाला वर्षभर पाणी दिले जाते. जुन्या रीतीत जो गुण होता, तोच नव्या रीतीत दोष झाला. जमीन फसवी झालेली नाही, आपण तिला न झेपणारे काम दिले.

दुसरा आक्षेप: मग दोष कालव्यांचा म्हणावा काय? पैठणच्या जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली झाली आणि १९७६ साली प्रकल्पाचे लोकार्पण झाले. त्याचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा परभणी जिल्ह्यात येतो आणि त्याच्या लाभक्षेत्राची आखणी सुमारे १ लाख ४० हजार हेक्टरांची आहे. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचे पाणी पूर्णेच्या खोऱ्याला मिळाले. पुढे गोदावरीच्या पात्रात ढालेगाव, तारुगव्हाण, मुद्गल, मुळी, डिग्रस असे उच्च पातळीचे बंधारे झाले आणि नदीत पाणी तुंबून राहू लागले. या पाण्याने जिल्ह्याचे अर्थकारण बदलले, हे नाकारून चालणार नाही. पाटाचे पाणी मोकाट सोडले, चर बुजले आणि नाले अतिक्रमणाखाली गेले, तिथे भूजल वर आले आणि रान चोपण झाले, हेही खरे. पण सगळा दोष कालव्यावर टाकला तर मूळ कारण निसटते. विदर्भातली पूर्णा, जी तापीला मिळते आणि परभणीच्या पूर्णेहून वेगळी आहे, तिच्या खोऱ्यातला अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांमधला खारपाणपट्टा याची साक्ष देतो. तिथे मोठ्या कालव्यांआधीच खालची माती सोडियमने बिघडलेली होती. हवामान आणि सपाट भूमी यांनी ते काम आपल्या गतीने केले होते. परभणीतही ही क्रिया चालूच आहे. पाण्याच्या निष्काळजी वापराने तिचा वेग वाढतो. उलट काही ठिकाणी बेसाल्टमधून आलेली झिओलाइटसारखी खनिजे सावकाश कॅल्शियम सोडत राहतात, त्यामुळे तेच हवामान असूनही माती तग धरते. म्हणून गावागावाची, किंबहुना शिवाराशिवाराची माती वेगळी पाहावी लागते.

तिसरा आक्षेप उपायाचा आहे: जिप्सम टाका, प्रश्न मिटला. जिप्सम उपयोगी आहे, कारण तो विरघळून कॅल्शियम देतो आणि सोडियमला जागेवरून हटवतो. पण हटवलेला सोडियम पाण्याबरोबर शेताबाहेर गेला पाहिजे. वाट नसेल तर तो तिथेच फिरत राहतो आणि पुढच्या उन्हाळ्यात परत वर येतो. आधी चर, मग जिप्सम, हा क्रम उलटला की पैसा वाया जातो. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात सच्छिद्र पाइप जमिनीत गाडून निचरा करावा लागला, तो याच कारणाने. शिवाय या मातीत चुन्याच्या रूपाने कॅल्शियम भरपूर पडून आहे; प्रश्न तो मोकळा करण्याचा आहे. हैदराबादजवळच्या पाटनचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने १९७६ पासून चालवलेल्या दीर्घ प्रयोगात रुंद वरंबे, सऱ्या, तुरीसारखे खोल मुळांचे आंतरपीक आणि शेणखत-पालापाचोळा यांची जोड दिली. तिथे वर्षाला हेक्टरी सुमारे ५ टन धान्य मिळत राहिले, तर जुन्या पद्धतीच्या शेजारच्या रानात सुमारे १ टन. सुधारित रानात चुना घटला आणि निचरा सुधारला, असेही पुढच्या अभ्यासात दिसले. मुळांतून आणि कुजणाऱ्या सेंद्रिय द्रव्यातून निघणारी सौम्य आम्ले चुना विरघळवतात. काळी माती काळी असली तरी तिच्यात सेंद्रिय कर्ब बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असतो, हे लक्षात घेतले तर धैंचा, ताग, तूर आणि शेणखत यांचे मोल कळते. रुंद सरी-वरंबा पद्धतीचा प्रसार परभणीचे विद्यापीठही करत आहे, आणि तो योग्य दिशेने आहे.

हा विषय आज तातडीचा का, याला दोन कारणे आहेत. पहिले पुराचे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्याच्या नद्यांना आलेल्या पुरांनी कुठे जमीन खरडून नेली, तर कुठे तिच्यावर गाळ आणि वाळू टाकली. पूर म्हणजे नवा सुपीक गाळ, हा दिलासा अशा वेळी दिला जातो, पण पात्रालगतच्या हलक्या मळईवर बारीक पोयटा पडला तर लाभ, आणि आधीच जड असलेल्या काळीवर चिकणीचा घट्ट थर बसला तर नुकसान. धरणांनी नदीचा बराच गाळ वरच अडवला, त्यामुळे जुना हिशेब आता चालतही नाही. हाच विवेक २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेलाही लागू आहे. तलावाचा गाळ डोंगरउताराच्या बरड मुरमाड रानात टाकला तर त्याची ओल धरण्याची ताकद वाढते. तोच गाळ थडीच्या भारी काळीत टाकणे म्हणजे आजाराला खुराक देणे. दुसरे कारण तपासणीचे. २०१५ साली सुरू झालेली मृदा आरोग्य पत्रिका घरोघर पोहोचली, हे चांगले झाले. पण तिचे नमुने वरच्या वीतभर मातीचे असतात आणि तिच्या बारा कसोट्यांत नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब येतात. चिकणीला धरलेला सोडियम आणि पाणी उतरण्याचा वेग येत नाहीत. थडीच्या मातीचा आजार तिसऱ्या फुटावर असताना पत्रिका ‘जमीन ठीक’ सांगू शकते. प्रत्येक शेतात खोल नमुना घेणे खर्चिक आहे, हा प्रशासनाचा मुद्दा रास्त आहे. पण प्रत्येक गावाच्या शिवारात नदीपासून माळापर्यंत तीन-चार ठिकाणी खड्डे घेऊन गावाचा मातीछेद तयार करणे आवाक्याबाहेरचे नाही, आणि त्या नकाशावर शेताशेताची पत्रिका बसवता येते.

जगात हा प्रश्न एकट्या परभणीचा नाही. सुदानमधला गेझिराचा पट्टा इथिओपियाच्या बेसाल्टी पठारावरून निळ्या नाईलने आणलेल्या चिकणमातीचा आहे, हवामानही कोरडे, आणि तिथे १९२५ पासून धरणाच्या पाण्यावर कपाशी घेतली जाते. बेसाल्ट, नदी, कोरडी हवा आणि पाट, हे चार घटक एकत्र आले की मातीचे वागणे कसे होते, याची तुलना त्यामुळे करता येते. पण आपल्या मातीचे उत्तर आपल्याच खड्ड्यांत शोधावे लागेल, कारण इथला चुना, इथली खनिजे, इथली पीकपद्धती आणि इथली दीड-दोन एकरांची वाटणी वेगळी आहे.

या पार्श्वभूमीवर हे पुस्तक काय करू पाहते, ते सांगून थांबतो. ते कृषी पदवीच्या विद्यार्थ्यासाठी लिहिलेले पाठ्यपुस्तक नाही, आणि कोणते खत किती टाकावे याची पुस्तिकाही नाही. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काठची माती वाचायला शिकवणे हा त्याचा हेतू आहे. म्हणून त्यात खडकापासून ढेकळापर्यंतचा प्रवास आहे, पाण्याच्या हालचालीचे साधे गणित आहे, चोपण आणि खारवट यांतला फरक आहे, आणि शेतकऱ्यांच्या तोंडी असलेल्या मातीच्या नावांना शास्त्रातल्या नावांशेजारी मानाची जागा आहे. शेतकऱ्यांचे निरीक्षण आणि प्रयोगशाळेचे माप जिथे जुळत नाही, तिथे दोन्ही बाजू मांडून कारण शोधण्याचा प्रयत्न केला आहे. काही वाचकांना वाटेल की यात चुन्यावर आणि निचऱ्यावर फार भर आहे, आणि झिंक-लोहाच्या कमतरतेसारखे रोजचे प्रश्न मागे पडले आहेत. त्यावर एवढेच सांगतो, की चुनखडीच्या मातीत पानांवर दिसणारा केवडा, म्हणजे पिवळेपणा, हाही बहुधा त्याच मूळ दोषाचा वरचा अंकुर असतो. मूळ हाताशी आले की अंकुर आवरणे सोपे जाते.

वाचकांना एक विनंती आहे. पुस्तक हाती घेतल्यावर ते संपेपर्यंत वाट पाहू नका. थडीला तुमचे किंवा ओळखीचे रान असेल तर उन्हाळ्यात तिथे एक पुरुषभर खड्डा घ्या, ढेकळांची परीक्षा करा, चुनखडी किती खोलीवर लागते ते लिहून ठेवा आणि पावसाळ्यात पाणी किती दिवस तुंबते याची नोंद करा. ग्रामसभेत नाले आणि चर मोकळे करण्याचा ठराव आणा. पाट येण्याआधी निचरा, हा आग्रह पाटबंधारे खात्याकडे धरा. नवे रान विकत घेताना रंग आणि खोली पाहा, पण सौदा पक्का करण्याआधी तिसऱ्या फुटाची माती पाण्यात टाकून बघा. एवढे झाले तरी या पुस्तकाचे काम झाले, असे मी मानेन.